पाळकांनो, 'सहन करा' म्हणजे अहिंसा नाही: मंडळीच्या पुढाऱ्यांना खुलं पत्र

आदरणीय बिशप, फादर, पाळक साहेब आणि कमिटीतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र कुठल्या एका चर्चला किंवा एका पंथाला नाहीये. कॅथलिक असा, प्रोटेस्टंट असा, पेंटेकॉस्टल असा, ज्यांच्या हातात पुलपिट आहे आणि ज्यांच्या शब्दावर लोक आपलं मन ठरवतात त्या सगळ्यांना लिहितेय. मी चर्चमध्ये तरुणांचा बायबल क्लास घेते. सेमिनरीत शिकलेली नाही, पण शास्त्र रोज वाचते, आणि क्लासमधली मुलंमुली जे प्रश्न विचारतात ते आता एका क्लासपुरते राहिलेले नाहीत म्हणून तुमच्यापर्यंत आणतेय.

कुणाची जमीन बळकावली, कुणाला जन्मावरून किंवा रंगावरून तुडवलं, कुणाला खोट्या केसमध्ये आत टाकलं, की चर्चकडून पहिली सूचना येते ती म्हणजे शांत राहा, प्रार्थना करा, प्रभू बघून घेईल. सोबत ठरलेली वचनं येतात. दुसरा गाल पुढे कर. कैसराचं कैसराला द्या. रोमकरांस पत्र अध्याय तेरा, प्रत्येकाने अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं. ही वचनं ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच वाचून दाखवली जातात, ज्याने केला त्याच्या दारात जाऊन कुणी काही वाचत नाही, आणि तो माणूस अनेकदा आपल्याच पहिल्या बाकावर बसलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ख्रिस्ताची अहिंसा हा अन्यायाला केलेला विरोध आहे, तो शिकावा लागतो, त्याचा सराव करावा लागतो, त्याला पैसा लागतो, माणसं लागतात, आणि हे सगळं उभं करणं चर्चचं काम आहे. तुम्ही ते काम बाजूला ठेवून नुसतं सोसायला शिकवताय आणि त्याला ख्रिस्ताचं नाव देताय, हे मला मान्य नाही.

आधी गालाचंच बघू. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू नुसता गाल म्हणत नाही, उजवा गाल म्हणतो. समोर उभ्या असलेल्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर हाताच्या मागच्या बाजूने मारावं लागतं, आणि काही अभ्यासक सांगतात की तशी थप्पड मालक गुलामाला मारायचा, त्यात इजा करण्यापेक्षा खाली दाखवणं जास्त होतं. मग दुसरा गाल पुढे करणं म्हणजे मी तुझ्या खालचा नाही, मारायचंच तर बरोबरीचा समजून मार. हा अर्थ सगळ्यांना पटत नाही हे मला माहीत आहे, त्यावर वाद आहेत. मग तो वाद सोडून देऊ आणि येशूला स्वतःला थप्पड बसली तेव्हा त्याने काय केलं तेवढंच बघू. योहान अठरा. हन्ना या याजकासमोर चौकशी चालू आहे, एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू उलटा हात उचलत नाही, शाप देत नाही, पण गप्पही बसत नाही. तो त्या शिपायाला विचारतो की मी चुकीचं बोललो असेन तर काय चुकलं ते दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? भर चौकशीत, हात बांधलेले असताना. या वचनावर कधी संदेश झालेला मी तरी ऐकला नाही, आणि दुसऱ्या गालावर तर लहानपणापासून ऐकत आले.

पुढे पिलातासमोर तो गप्प राहिला हे खरंय, पण ते कधी, तर मंदिरात, रस्त्यात, मोठमोठ्या लोकांच्या पंगतीत सगळं उघड बोलून झाल्यानंतर, आणि त्याच्या त्या गप्प राहण्याने थक्क झाला तो पिलात.

कुणी म्हणेल येशूने मंदिरात चाबूक उचलला होता त्याचं काय. क्लासमध्ये हा प्रश्न हटकून येतो, आणि विचारणारा मुलगा बहुतेक वेळा चिडलेला असतो, त्याला हात उचलायची परवानगी हवी असते. मी त्याला म्हणते योहान दोन नीट वाच, मेंढरं आणि बैल हाकलले, पैसे उधळले, चौरंग उलथे केले, पण कुणाला जखम झाल्याचं कुठल्याही शुभवर्तमानात नाही, आणि नंतर गेथशेमानेत पेत्राने तलवारीने मल्खाचा कान तोडला तेव्हा येशूने पेत्राला थांबवलं आणि अटक करायला आलेल्या त्या माणसाचा कान बरा केला. म्हणजे धंदा मोडायचा, माणूस मोडायचा नाही.

आता पौल, कारण अधीन राहा हे वचन त्याचंच. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सोळा, फिलिप्पै शहर. पौल आणि सीला यांना चौकशी न करता भर चौकात छड्यांनी मारलं, तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली, पळून जायची पूर्ण संधी होती. ते पळाले नाहीत. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी स्वतःला मारून घ्यायला निघाला तर पौलाने ओरडून त्याला वाचवलं. हे आपण संडे स्कूलमध्ये शिकवतो, चित्रं पण रंगवून घेतो, आणि इथेच थांबतो. सकाळी काय झालं ते सांगत नाही. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला की त्या माणसांना सोडून द्या. पौल म्हणाला नाही जाणार. आम्ही रोमी नागरिक, आमच्यावरचा गुन्हा सिद्ध न करता सगळ्यांसमोर आम्हाला मारलं आणि आता गुपचूप बाहेर काढताय? ते चालणार नाही, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, घाबरून आले, त्यांची समजूत घातली. एकाच रात्रीत पौलाने आपल्या तुरुंगाधिकाऱ्याचा जीव वाचवला आणि सकाळी त्याच्या वरच्यांना जाब विचारला, दोन्ही एकाच माणसाने केलं, आणि दोन्हीत त्याला काही विसंगती वाटली नाही. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचताना हा पौल डोळ्यांसमोर ठेवा एवढीच विनंती आहे. त्याच्या आधीचा बारावा अध्यायही वाचा, वाइटाची फेड वाइटाने करू नका, बऱ्याने वाइटाला जिंका. जिंका असं लिहिलंय, वाइटाखाली दबून राहा असं नाही.

कैसराच्या नाण्याबद्दल जास्त लिहीत नाही. नाण्यावर कैसराचा मुखवटा होता म्हणून नाणं कैसराचं, पण माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवलाय हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे, तेव्हा माणूस कुठल्याच कैसराचा नाही.

इथे एका गोष्टीवर मला थांबायचंय, कारण ती सगळ्यात जास्त घडते आणि सगळ्यात कमी बोलली जाते. घरात नवऱ्याचा मार खाणारी बाई पाळकाकडे जाते आणि तिला सांगितलं जातं की तुझा क्रूस उचल, प्रेमाने त्याला जिंक, घर मोडू नको. पाळक साहेब, हे पाप आहे. मी विचार करून हा शब्द वापरतेय. येशूचा क्रूस त्याने स्वतः निवडला होता, कुणी त्याला बंद दारामागे पकडून लादला नव्हता, आणि त्याची वेळ आली नव्हती तोवर तो मारायला आलेल्यांच्या हातातून निघून गेला, नासरेथात कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा निघून गेला, मंदिरात धोंडे उचलले तेव्हा लपून बाहेर पडला. निघून जाणं हेही येशूने केलेलं आहे. मार खाणाऱ्या बाईला सुरक्षित जागा द्या, पोलिसांत जायचं असेल तर सोबत जा, आणि दुसऱ्या गालाचं वचन त्या घरात पुन्हा वाचू नका. अहिंसेचा उपदेश करायचाच तर तो त्या नवऱ्याला करा.

आता अधीन राहण्याच्या शिकवणीची किंमत कोण मोजतं ते सांगते. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावात फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा शेतकरी होता. गावच्या चर्चची देखभाल करायचा, रोज मिस्साला जायचा, बायको फ्रान्झिस्का, तिच्यापासून तीन लहान मुली. हिटलरच्या सैन्यात लढणं ख्रिस्ती माणसाला शक्य नाही असं त्याचं मत झालं. तो काही थिऑलॉजियन नव्हता, गावच्या शाळेत शिकलेला माणूस. तो आपल्या पाळकांकडे गेला, मग लिंट्सच्या बिशपांकडे गेला. त्याला सांगण्यात आलं की कुटुंबाचा विचार कर, युद्ध न्यायाचं की अन्यायाचं हे ठरवायची जबाबदारी तुझी नाही. मार्च १९४३ मध्ये त्याने लढायला नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला, वय ३६. युद्ध संपल्यावरही बिशपांना त्याची गोष्ट चर्चच्या पेपरात छापलेली नको होती, त्यांच्या मते आपलं कर्तव्य म्हणून लढलेले सैनिक मोठे आदर्श होते. त्याच्या विधवेला पेन्शन सुरुवातीला नाकारली गेली. गावात तिलाच बोल लावले गेले. आणि २६ ऑक्टोबर २००७ ला त्याच लिंट्सच्या कॅथेड्रलमध्ये चर्चने त्याला धन्य म्हणून घोषित केलं, तेव्हा फ्रान्झिस्का नव्वदी ओलांडून तिथे बसलेली होती.

साठ वर्षांनी सन्मान केला हे चांगलंच झालं. पण तो माणूस जेव्हा दारात उभा राहून विचारत होता, मी काय करू, तेव्हा त्याला त्याचं चर्च हवं होतं. तुमच्या दारात आज कोण उभं आहे याचा विचार करा.

दुसरीकडे फ्रान्सच्या डोंगराळ भागातलं ल शांबों गाव घ्या. फ्रान्सने शरणागती पत्करली त्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ जून १९४०, रविवार होता, पाळक आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर थेइस यांनी मंडळीला सांगितलं की आपल्या सद्सद्विवेकावर जी जबरदस्ती होईल तिला आपण आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करायचा. दुसऱ्याच दिवशी. वाट बघू, वरून काय येतंय बघू, असं नाही. पुढच्या चार वर्षांत त्या पठारावरच्या घरांनी, शेतांनी, शाळांनी हजारो निर्वासितांना लपवलं, त्यात बहुतेक ज्यू होते. मागदा त्रोक्मे दार उघडायच्या आणि आत या म्हणायच्या, खोट्या कागदपत्रांची सोय करायच्या. त्रोक्मे, थेइस यांना अटक झाली, सुटण्यासाठी सरकारी आज्ञापालनाच्या कागदावर सही मागितली, त्यांनी केली नाही. त्या गावाला हे अचानक सुचलं नाही. ते ह्युगेनॉ, म्हणजे फ्रान्समधल्या जुन्या प्रोटेस्टंट परंपरेतले लोक, त्यांच्या पूर्वजांवर छळ झाला होता आणि ती आठवण त्यांनी चर्चमध्ये जिवंत ठेवली होती.

हे अचानक सुचत नाही, यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय, म्हणजे शिकवण्यावर.

जेम्स लॉसन हे नाव आपल्या किती संदेशांत येतं? मेथडिस्ट पाळकाचा मुलगा, कोरियाच्या युद्धाच्या काळात सैन्यभरतीला नकार दिला म्हणून अमेरिकेत तुरुंगात गेला, सुटल्यावर १९५३ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आला आणि हिस्लॉप कॉलेजात तीनेक वर्षं होता. तिथे त्याने गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमधल्या रंगभेदाविरुद्ध काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकलाय आणि एक तरुण पाळक त्यांचं नेतृत्व करतोय ही बातमी त्याने नागपूरच्या पेपरातच वाचली. परत गेल्यावर त्याची मार्टिन ल्यूथर किंगशी भेट झाली, किंगने त्याला म्हटलं आत्ताच दक्षिणेत ये, आणि तो शिक्षण अर्धवट ठेवून नॅशव्हिलला गेला.

तिथे त्याने काय केलं? भाषणं देत फिरला नाही. एका मेथडिस्ट चर्चच्या तळघरात आठवड्याच्या आठवड्याला क्लास घेतले. कॉलेजची मुलंमुली यायची, डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल, तेव्हा यांना कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर काळ्या लोकांना बसू देत नसत, म्हणून अर्धी मुलं तशा काउंटरवर बसल्याचा सराव करायची आणि उरलेली अर्धी त्यांना शिव्या द्यायची, ढकलायची, खुर्चीवरून ओढून खाली पाडायची. पडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजारचा मार खात असेल तर उलट न मारता मध्ये कसं पडायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, हे सगळं करून बघितलं जायचं. ज्याला वाटायचं की मला हे जमणार नाही, मी उलटा हात टाकेन, त्याला बाहेरचं दुसरं काम दिलं जायचं, त्यात कमीपणा नव्हता. सोबत डोंगरावरचं प्रवचन वाचलं जायचं, गांधी वाचले जायचे. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं दुकानांच्या काउंटरवर जाऊन बसली तेव्हा त्यांच्याकडे नियमांचा कागद होता, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, उलट मारू नका, शिवी देऊ नका, तुमच्या लीडरने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका, आणि शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण लक्षात ठेवा. त्यांच्या अंगावर सिगारेटी विझवल्या, त्यांना मारलं, आणि पोलिसांनी मार खाणाऱ्यांनाच पकडून नेलं. एक तुकडी गेली की दुसरी येऊन बसायची. लॉसनला विद्यापीठाच्या धर्मशिक्षण विभागातून काढून टाकलं, हो, धर्मशिक्षण विभागातूनच. १९ एप्रिलला त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला. त्याच दिवशी हजारो माणसं एक शब्द न बोलता महापौरांच्या ऑफिसपर्यंत चालत गेली आणि डायान नॅशने महापौरांना सगळ्यांसमोर विचारलं की नुसत्या रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला माणूस म्हणून वाटतं का. ते हो म्हणाले. १० मे ला काउंटर काळ्या लोकांसाठी उघडले.

लोक ही गोष्ट ऐकून म्हणतात काय हिंमत होती त्या मुलांची. हिंमत होतीच. पण हिंमतीच्या आधी तळघर होतं, ते एका चर्चने दिलं होतं. शिवी खाल्ल्यावर शांत राहणं हे कॉयरमधल्या गाण्यासारखं आहे, रियाज नसेल तर ऐन वेळी सूर लागत नाही.

माँटगोमेरीचंही तेच. आपण किंग यांचं भाषण लावतो, व्हिडिओ फॉरवर्ड करतो. पण ३८१ दिवस लोक बसमध्ये बसले नाहीत म्हणजे ते कामावर कसे गेले? चर्चच्या नावावर गाड्या घेतल्या होत्या, कुठल्या कोपऱ्यावर कितीला गाडी येणार याचं टाइमटेबल होतं, रात्रीच्या सभांमध्ये पेट्रोलसाठी वर्गणी गोळा व्हायची, आणि विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले तेव्हा लंडनहून विमा मिळवला. किंग स्वतः तेव्हा २६ वर्षांचे, आणि तेही तयार होऊन आलेले नव्हते, घरावर बॉम्ब पडल्यावर त्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला. ते शिकले, बायार्ड रस्टिनसारख्या, युद्धाला नकार देऊन तुरुंगात जाऊन आलेल्या क्वेकर (युद्ध न मानणारा ख्रिस्ती पंथ) माणसाने त्यांना शिकवलं. किंगसारख्या पाळकाला शिकावं लागलं तर आपल्या मंडळीला शिकायची गरज नाही असं कसं म्हणता येईल?

फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६ ला रणगाड्यांसमोर जपमाळ घेऊन बसलेल्या नन्सचे फोटो तुम्ही पाहिले असतील, कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून लोकांना रस्त्यावर यायला सांगितलं आणि चार दिवसांत हुकूमशहा मार्कोस देश सोडून गेले. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९८४ मध्ये, जाँ गॉस आणि हिल्डेगार्ड गॉस-मायर हे नवराबायको तिथे जाऊन बिशप, फादर, सिस्टर, विद्यार्थी, कामगार यांची अहिंसक प्रतिकाराची शिबिरं घेऊन आले होते. बिशप शिबिरात बसले होते, पाळक साहेब. उद्घाटन करून निघून गेले नव्हते. निवडणुकीत घोटाळा झाल्यावर त्या देशाच्या बिशपांनी मिळून पत्रक काढलं की हे सरकार नैतिक पायावर उभं नाही आणि लोकांनी अहिंसेने विरोध करावा, त्या पत्रकामागे ती तयारी होती. आणि कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या लायपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांतीसाठी प्रार्थना व्हायची, कधीकधी अगदी मोजकी माणसं असायची, तरी ती बंद केली नाही म्हणून ९ ऑक्टोबर १९८९ ला तिथून निघालेल्या लोकांना येऊन मिळणारे सत्तर हजारांच्या घरात गेले आणि कुणी दगड उचलला नाही.

कमिटीत बहुतेक पुरुष असतात म्हणून हेही सांगते की लायबेरियात २००३ मध्ये यादवी थांबवायला ज्या बायका पांढरे टी शर्ट घालून मासळी बाजारात उन्हापावसात बसल्या त्यांची सुरुवात एका लुथरन चर्चमधल्या प्रार्थनेतून झाली, लेमा बोवी ही त्यांची पुढारी, आणि त्यांनी मुसलमान बायकांना सोबत घेतलं. त्याच चर्चमध्ये १९९० ला सहाशेच्या आसपास माणसं मारली गेली होती. त्या जागेवर बसून त्यांनी सूड नको म्हटलं, शांतता करार झाला तरच हलू म्हटलं, आणि ऑगस्टमध्ये करार झाला.

आता कठीण प्रश्न. क्लासमधली एक मुलगी म्हणाली, ताई, हे दरवेळी चालतं का? नाही चालत. मी तिला खोटं सांगितलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. आर्चबिशप रोमेरो यांनी २३ मार्च १९८० ला पुलपिटवरून सैनिकांना सांगितलं की आपल्याच भावांना मारायचा हुकूम पाळायला कुणी बांधलेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मिस्सा करताना त्यांना गोळी घातली, त्यानंतर एल साल्वाडोरमध्ये बारा वर्षं युद्ध चाललं. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये रंगभेदाविरुद्धच्या १९६३ च्या विजयानंतर चारच महिन्यांनी चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. ल शांबोंच्या त्रोक्मेंचा नात्यातला दानिएल त्रोक्मे आपल्या विद्यार्थ्यांसोबत पकडला गेला आणि मायदानेकच्या छावणीत मेला.

आणि जर्मन पाळक बॉनहॉफर. शांतीचा एवढा मोठा पुरस्कर्ता शेवटी हिटलरला मारायच्या कटात सामील झाला आणि एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेला. मी त्यांना दोष द्यायला बसलेली नाही, माझी ती लायकी नाही, आणि त्यांनीही आपण निर्दोष आहोत असा दावा केला नव्हता. पण मी क्लासला त्यांचं १९३३ चं म्हणणं सांगते. तेव्हाच त्यांनी लिहिलं होतं की चर्चने सरकारला जाब विचारावा, ज्यांच्यावर अन्याय होतोय त्यांना मदत करावी मग ते ख्रिस्ती असोत नसोत, आणि वेळ आली तर चाकाखाली चिरडलेल्यांना पट्टी बांधत न बसता ते चाकच थांबवावं. १९३३ ला लाखो ख्रिस्ती लोक एकत्र येऊन नाही म्हणू शकत होते, ज्यूंच्या दुकानांवरचा बहिष्कार मोडू शकत होते, शेजाऱ्याचं दार धरून उभे राहू शकत होते. बहुतेक चर्चेस आपला कारभार आपल्या हातात राहावा एवढ्यासाठीच भांडत राहिली. वेळेत अहिंसेचा रस्ता चर्चने चालून दाखवला नाही, आणि मग दहा वर्षांनी एका प्रामाणिक पाळकापुढे बॉम्ब आणि गप्प बसणं एवढेच दोन पर्याय उरले. मुलं दगड उचलतात तेव्हा मला हेच दिसतं. दगड चूक आहे, मी त्यांना तसं स्पष्ट सांगते, दगडाने आजवर दुसऱ्याच्या लाठीला कारण मिळालं. पण तुम्ही त्यांना दुसरं काय शिकवलं होतं?

दक्षिण आफ्रिकेतल्या पाळकांनी १९८५ मध्ये तिथल्या वर्णभेदाविरुद्ध कायरॉस दस्तऐवज काढला तेव्हा आपल्याच चर्चच्या पुढाऱ्यांना सुनावलं होतं की तुम्ही हिंसा नको म्हणता तेव्हा वस्तीतल्या पोराच्या दगडाला हिंसा म्हणता आणि सरकारच्या गोळीला म्हणत नाही, आणि न्याय न करता समेट करा म्हणता. पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे ते. पण त्याच वर्षी जुलैमध्ये डुडुझात एका अंत्यविधीच्या वेळी जमाव एका माणसाला खबऱ्या समजून जाळायला निघाला तेव्हा तिथले बिशप डेस्मंड टुटू त्या गर्दीत घुसले आणि त्याला बाहेर काढलं. आपल्याच लोकांसमोर उभे राहिले. त्यांचं लोकांनी ऐकलं कारण हा माणूस सरकारसमोरही तसाच उभा राहतो हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. हा अधिकार पुलपिटवर बसून मिळत नाही.

तेव्हा माझं मागणं असं आहे. येत्या महिन्याभरात एका रविवारी योहान अठरा आणि कृत्ये सोळा घ्या आणि पूर्ण वाचा, सकाळी काय झालं त्यासकट. चर्चचा हॉल आठवड्यातून एक संध्याकाळ आम्हाला द्या, आम्ही नॅशव्हिलच्या मुलांसारखा सराव करू, आणि तुम्ही स्वतः येऊन खुर्चीवर बसा, शिव्या खायचा सराव तुम्हीही करा, कारण उद्या खरी वेळ आली तर मुलांना पुढे पाठवून तुम्ही मागे राहिलेलं चालणार नाही. कमिटीने एक वेगळा फंड करावा, रंगरंगोटीच्या फंडाएवढा तरी, ज्यातून जामीन, वकील आणि नोकरी गेलेल्याच्या घरचा किराणा भागेल, आणि तो मदत मागणारा आपल्या मंडळीचा आहे की नाही हे विचारू नये. अन्याय करणारा जर आपल्याच मंडळीत असेल तर मत्तय अठराप्रमाणे आधी एकट्याने त्याच्याकडे जा, मग दोघांना घेऊन जा, पण जा, तो वर्गणी किती देतो हे बघून थांबू नका. आणि कुणी तुरुंगात असेल तर भेटायला जा, मत्तय पंचवीसमध्ये प्रभूने हे अगदी नाव घेऊन सांगितलंय.

तुमच्यातले काही जण हे सगळं आधीच करतायत, एकटे करतायत, वरून बोलणी खातायत. त्यांना माझं पत्र लागू नाही, त्यांनी क्लासला येऊन मुलांशी बोलावं अशी विनंती आहे, मुलं खूप प्रश्न विचारतील.

बाकीच्यांकडून मला उत्तर हवंय. मला लिहा किंवा पुलपिटवरून सांगा, माझं कुठे चुकलं असेल तर शास्त्रातून दाखवा, मी ऐकेन. आणि उत्तरात हॉल कोणत्या वारी मिळेल तेही लिहा, म्हणजे मला मुलांना तसं कळवता येईल.

आपली,
तरुणांचा बायबल क्लास घेणारी एक सभासद